कुंभारणीचे मडके आणि निर्मात्याचा प्रश्न

पावसाळा सरत आला की आमच्या देवघराच्या खिडकीला कुंभारीण येते. कुंभारीण म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातली, बारीक कंबरेची, एकटी राहणारी माशी. ती ओल्या मातीची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी जबड्यात धरून आणते, खिडकीच्या लाकडी चौकटीवर बसते, जबड्याने आणि पुढच्या पायांनी ती गोळी पातळ पट्टीसारखी पसरत गोल फिरते आणि पुन्हा माती आणायला जाते. अशा कितीतरी खेपा झाल्यावर तिथे सुपारीएवढे एक मडके उभे राहते. त्याला अरुंद गळा असतो आणि गळ्याला बाहेर वळवलेला काठही असतो. चाकावरून उतरवलेल्या मडक्याशी त्याचे इतके साम्य आहे की ह्या माशीला दुसरे नाव शोभलेच नसते.

माझे वडील, अण्णा, रोज सकाळी त्याच खिडकीशी बसून एकनाथी भागवत वाचत. आई केरसुणी घेऊन ते मडके पाडायला निघाली की ते पोथीतून मान वर न करता म्हणत, "राहू दे गं, अवधूताची गुरू आहे ती." भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो; त्यातला शेवटचा गुरू ही माशी आहे. तिने मातीच्या घरात कोंडलेला किडा भयाने तिचेच ध्यान करीत राहतो आणि अखेर तिचेच रूप पावतो. नाथांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेतून ही कथा मराठीत आली, आणि कीर्तनकारांनी कीटक-भृंगीचा दृष्टान्त म्हणून ती गावोगावी पोचवली. जो ज्याचे ध्यान करतो तो तेच होतो, हा तिचा भावार्थ. लहानपणी मला तो अगदी पटलेला होता, कारण बंद मडक्यातून काही दिवसांनी खरोखरच नवी माशी बाहेर येताना मी पाहिली होती.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यातले एक मडके ब्लेडने उभे कापले. आत सात हिरव्या अळ्या एकमेकींना खेटून ठासलेल्या होत्या. मेलेल्या असतील असे वाटून मी एकीला सुईच्या टोकाने स्पर्श केला, तर तिचे शेवटचे टोक अगदी हलके वळले. मडक्याच्या छतापासून केसाएवढ्या तंतूला एक लांबट पांढरे अंडे लटकत होते. कुंभारीण आधी हे अंडे टांगते, मग अळ्या शोधून त्यांना नांगी मारते आणि एकेक करून आत भरते. नांगीतल्या विषाने अळी मरत नाही, लुळी पडते. मेली असती तर ती सडली असती आणि पिलाला ताजे अन्न मिळाले नसते. मग मडक्याचे तोंड मातीने लिंपले जाते. अंड्यातून निघालेले पिलू त्या जिवंत अळ्या एकामागून एक खाऊन वाढते, कोशात जाते, आणि काही आठवड्यांनी भिंत कुरतडून बाहेर पडते. किडा माशी होत नाही. माशीचे पिलू किड्याला खाते.

हे मी अण्णांना भिंगातून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "नाथ ध्यानाबद्दल सांगत होते, माशीबद्दल नाही." मला ते उत्तर त्या वेळी पळवाटेसारखे वाटले, आज ते फार नेमके वाटते. पण पोथी फडक्यात बांधताना त्यांनी आणखी एक विचारले होते. "ह्या अळ्यांना दुखत असेल का गं?" त्यावर मी काहीच बोलले नाही.

गेली २६ वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ह्या वर्षी उत्क्रांतीचे प्रकरण संपवले त्या दिवशी एक मुलगी वर्गाबाहेर थांबली होती. तिने विचारले, "मॅडम, हे सगळं खरं असेल तर देव मानायचा की नाही?" तिच्या घरी माळकरी आजोबा आहेत आणि तिला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे, दोहोंतले एक सोडावे लागेल की काय ही तिची खरी भीती होती. तास सुरू व्हायला दहाच मिनिटे होती, म्हणून तिला अर्धेच उत्तर देता आले. ते पुरे करावे म्हणून हे लिहीत आहे.

माझे उत्तर असे आहे की निर्मात्यावर श्रद्धा ठेवून उत्क्रांती पूर्णपणे, कोणतीही काटछाट न करता स्वीकारता येते. मात्र ती श्रद्धा कोणत्या निर्मात्यावर आहे हे आधी तपासावे लागते, कारण एका विशिष्ट प्रकारच्या निर्मात्याला उत्क्रांतीत जागा उरत नाही, आणि तो गेला म्हणून फार शोक करावा असेही मला वाटत नाही.

ज्याच्या नावाने हा वाद घातला जातो त्या चार्ल्स डार्विनलाही अशाच एका माशीने अस्वस्थ केले होते. 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा त्याचा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी, २२ मे १८६० रोजी, त्याने अमेरिकेतील हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना एक पत्र लिहिले. ग्रे हे निष्ठावान ख्रिस्ती होते आणि डार्विनचे अमेरिकेतील सर्वांत मोठे पाठीराखेही होते. त्या पत्रात डार्विन म्हणतो की नास्तिकतेने लिहावे असा आपला हेतू नव्हता, पण इतरांना सभोवार जशी योजना आणि करुणा दिसते तशी आपल्याला दिसत नाही. जगात दुःख फारच आहे. इक्न्यूमॉन नावाच्या माशांची पिले अळीच्या जिवंत शरीरात वाढून तिला आतून खातात, आणि दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने त्यांना मुद्दाम ह्याच हेतूने निर्माण केले, असे आपल्या मनाला काही केल्या पटवून देता येत नाही. ह्या माशा कुंभारणीसारखे घर बांधत नाहीत, त्या अळीच्या अंगातच अंडे घालतात. पण प्रश्न तोच आहे, अण्णांनी भिंग हातात घेऊन विचारलेला.

त्याच पत्रात तो पुढे लिहितो की हे अद्भुत विश्व, आणि त्यातही मनुष्याचे मन, हे निव्वळ आंधळ्या शक्तीचे फळ आहे असेही आपल्याला मानवत नाही. कदाचित नियम योजलेले असतील आणि तपशील, मग ते बरे असोत वा वाईट, आपण ज्याला योगायोग म्हणतो त्यावर सोपवलेले असतील, असे मानण्याकडे त्याचा कल होता. आणि लगेच तो सांगतो की ह्या कल्पनेनेही आपले मुळीच समाधान होत नाही, हा विषय मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचा आहे, कुत्र्याने न्यूटनच्या मनाविषयी तर्क करण्यासारखा. ॲनी ही त्याची लाडकी मुलगी २३ एप्रिल १८५१ रोजी दहा वर्षांची असताना गेली होती. हे पत्र वाचताना मला ते विसरता येत नाही. 'दुःख फारच आहे' हे वाक्य केवळ अळ्यांकडे पाहून लिहिलेले नसावे असे मला नेहमी वाटते.

पुढे १८७९ साली एका पत्रलेखकाने त्याला थेट विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले की एखादा माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी असू शकतो ह्याविषयी शंका घेणेच आपल्याला विसंगत वाटते, आणि उदाहरण म्हणून चार्ल्स किंग्जली हा धर्मोपदेशक व एसा ग्रे ह्यांची नावे दिली. स्वतःविषयी तो म्हणाला की ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा ह्या अर्थाने आपण कधीच नास्तिक नव्हतो. अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा, हा शब्द आपल्याला सर्वांत लागू पडतो. म्हणजे ज्याची साक्ष दोन्ही बाजू काढतात त्यानेच हा दरवाजा उघडा ठेवला होता. अर्थात डार्विन म्हणाला म्हणून ते खरे, असे होत नाही. विज्ञानात तसे चालत नाही आणि परमार्थातही चालू नये.

आता त्या विशिष्ट निर्मात्याकडे येते. आपल्याकडे दहाव्या शतकात न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वराच्या सिद्धीसाठी जी अनुमाने मांडली, त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अनुमान असे की पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टी ही कार्ये आहेत, आणि प्रत्येक कार्याला बुद्धिमान कर्ता असतो, घटाप्रमाणे. म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. घट म्हणजे मडके. इंग्लंडमध्ये विल्यम पेली ह्या धर्मोपदेशकाने १८०२ साली हेच म्हणणे घड्याळाचा दाखला देऊन मांडले: माळरानावर घड्याळ सापडले तर ते कुणीतरी घडवले आहे हे आपण ओळखतो, मग डोळा तर घड्याळापेक्षा कितीतरी नाजूक आहे. डार्विनला तरुणपणी पेली मनापासून आवडत असे. पेली आणि उदयन ह्यांच्यात आठशे वर्षांचे आणि दोन संस्कृतींचे अंतर आहे, तरी दोघांच्या मनातला ईश्वर कुंभार आहे. माती वेगळी, कुंभार वेगळा, आणि मडक्याचा आकार आधी कुंभाराच्या मनात.

ह्या अनुमानाविषयी विचार करताना माझी नजर पुन्हा त्या खिडकीकडे जाते. तिथे खरोखरच एक घट आहे, त्याला कर्ताही आहे, पण त्या कर्त्याला ही कला कुणी शिकवलेली नाही. कुंभारीण मडके लिंपून निघून जाते, पिलू बाहेर येते तेव्हा आई तिथे नसते, आणि तरी ते पिलू मोठे होऊन तसेच, गळ्याला काठ असलेले मडके बनवते. हे कौशल्य तिच्या मनात ठरवून आलेले नाही. ते अगणित पिढ्यांतून तिच्या वंशात साठत आले आहे. पिढीगणिक पिलांमध्ये बारीकसारीक फरक पडत गेले, ज्यांचे घर थोडे अधिक टिकले त्यांची पिले थोडी अधिक जगली, आणि हे लक्षावधी वर्षे चालत राहिले. नैयायिक, म्हणजे उदयनांच्या न्यायदर्शनाचा अनुयायी, ह्यावर म्हणेल की ही सहजप्रवृत्तीसुद्धा कार्यच आहे, तिलाही कर्ता हवा. त्याचे हे म्हणणे तर्काला सोडून नाही. पण आता तो कर्ता मडक्याच्या आकारापाशी उभा राहिलेला नसतो. त्याला फार मागे, नियमांच्याही मागे जावे लागते. घटाचा दाखला तिथपर्यंत पोचत नाही.

शिवाय शरीरे जवळून पाहिली की ती कोऱ्या कागदावर आखल्यासारखी दिसत नाहीत, जुन्या वाड्याची वेळोवेळी डागडुजी करत आणल्यासारखी दिसतात. मेंदूकडून कंठाकडे जाणारी एक चेतातंतूची शाखा सरळ कंठात न जाता आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर येते. माशासारख्या पूर्वजांत ही वाट सरळ होती. मान लांबत गेली तसा वळसाही लांबत गेला, आणि जिराफात तो चार मीटरांहून अधिक झाला. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. ते तयार करण्याचे जनुक मनुष्यात, चिंपांझीत आणि इतर माकडांतही आहे, पण मोडलेल्या अवस्थेत, आणि म्हणून आपल्याला लिंबू आणि आवळा खावा लागतो. मोडके जनुक नात्यातल्या साऱ्यांकडे सारखेच सापडावे, ह्याचा सरळ अर्थ ते एका समाईक पूर्वजाकडून आले असा आहे. कुंभारणीची नांगीही मुळात अंडी घालायची नळीच होती. म्हणून तर नांगी फक्त माद्यांना असते. ही सारी जुन्या वस्तूंची नवी कामे आहेत. ह्यांना कुंभाराची योजना म्हणायचे तर त्या कुंभाराला अकुशल म्हणावे लागेल, आणि श्रद्धावान माणसाने ते का म्हणावे?

किंग्जलीला हे फार लवकर कळले होते. डार्विनने पाठवलेली प्रत वाचून त्याने नोव्हेंबर १८५९ मध्येच कळवले की ईश्वराने स्वतःच विकसित होऊ शकणारी मोजकी मूळ रूपे निर्माण केली, ही कल्पना ईश्वराच्या थोरवीला तितकीच साजेशी आहे. त्याने आपणच ठेवलेली भगदाडे बुजवायला दर वेळी नव्याने हात घालावा, असे मानण्याची गरज नाही. डार्विनने हे मत जानेवारी १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत किंग्जलीचे नाव न घेता छापले. मला ह्यात भगदाडांचा मुद्दा मोलाचा वाटतो. जे विज्ञानाला अजून उलगडले नाही तिथे देवाची नेमणूक करण्याची सवय आस्तिकांना फार महागात पडते, कारण दर पिढीत ते भगदाड बुजते आणि देवाला मागे सरकावे लागते. २००५ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या शाळेत 'बुद्धिमान योजना', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने आखले हा दावा, विज्ञान म्हणून शिकवण्याचा खटला उभा राहिला, तेव्हा तिच्याविरुद्ध साक्ष देणारे प्रमुख जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. न्यायालयाने ते विज्ञान नव्हे असा निर्णय दिला. मिलर ह्यांची श्रद्धा त्या निर्णयाने हरली नाही. त्या निर्णयासाठी ते स्वतः उभे राहिले होते.

कुंभार बाजूला ठेवला तर मग कोणता निर्माता उरतो? भागवताच्या त्याच अध्यायात माशीच्या अगदी आधी, तेविसावा गुरू म्हणून, कोळी येतो. कोळी स्वतःच्या आतून धागा काढतो, जाळे पसरतो, त्यात विहरतो आणि शेवटी ते गिळून टाकतो. तसा ईश्वर हे विश्व. मुंडक उपनिषदात हाच दृष्टान्त त्याच्याही कितीतरी आधी आलेला आहे. कोळ्याला बाहेरून माती आणावी लागत नाही. करणारा आणि ज्यातून करायचे ते, दोन्ही तोच. ईश्वर केवळ बाहेरून घडवणारा आहे ह्या मताचे खंडन वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत स्वतंत्रपणे केलेले आहे, म्हणजे कुंभाराच्या कल्पनेशी असलेले भांडण आपल्याकडे डार्विनच्या आधी शेकडो वर्षे चाललेले होते. अशा निर्मात्याच्या संदर्भात जग 'घडवले' म्हणण्यापेक्षा जग 'झाले' आणि 'होत आहे' म्हणणे अधिक योग्य ठरते, आणि उत्क्रांती हे त्या होण्याचे आजवरचे सर्वांत खरे वर्णन आहे. त्यातल्या एकाही ओळीत मग देवासाठी जागा कोरून ठेवायची गरज राहत नाही, जशी जाळ्यात एखाद्या विशिष्ट धाग्यावर बोट ठेवून 'इथे कोळी आहे' असे सांगायची गरज नसते.

हे लिहिताना मला एक गोष्ट अगदी स्पष्ट करायची आहे. उपनिषदांना उत्क्रांती माहीत होती असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे मला चुकीचे वाटते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह ही दशावताराची रांग म्हणजे डार्विनचा सिद्धान्त, हे आपण लग्नकार्यात आणि व्याख्यानांत नेहमी ऐकतो. ही सांगड १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, उत्क्रांतीची कल्पना जगभर पसरल्यानंतर घातली गेली. त्याआधी कोणत्याही टीकाकाराने मत्स्यावताराचा असा अर्थ लावलेला नव्हता. नरसिंह हा सिंह आणि मनुष्य ह्यांच्यामधला टप्पा नाही, तो प्रल्हादाच्या हाकेला धावून आलेला देव आहे, आणि त्याला जीवशास्त्राच्या कोष्टकात बसवले की कथेतला प्रल्हादच हरवतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना डार्विन आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल ह्यांच्या मतांची सांख्यांच्या मतांशी तुलना केली, पण ती एका तत्त्वज्ञानाची दुसऱ्याशी केलेली मोकळी तुलना होती. अशी तुलना आणि 'आमच्याकडे आधीच होते' हा दावा ह्यांत मोठा फरक आहे.

ह्याच्या उलट टोकाची गोष्टही आपल्याच भूमीवर घडली. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत झालेल्या एका वैदिक संमेलनात केंद्रीय राज्यमंत्री म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आमच्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे नोंदलेले नाही. देशातील तीनही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. मी ती बातमी वाचली तेव्हा मला माझ्या शाळेतले एक शिक्षक आठवले. उत्क्रांतीचा धडा शिकवून झाल्यावर ते म्हणाले होते, "पेपरात लिहा, पण खरं मानू नका." ते मनाने वाईट नव्हते, आम्हांला जपत आहेत असेच त्यांना वाटत असावे. पण त्या एका वाक्याने चाळीस मुलांना असे शिकवले की ज्ञान परीक्षेसाठी असते आणि श्रद्धेला ज्ञानाची भीती असते. मला तो दोन्हींचा अपमान वाटतो. आणि ज्या गावातून नाथांनी सर्वांना कळेल अशा भाषेत ज्ञान देण्याचा आग्रह धरला ते पैठण त्या संमेलनापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे.

आता जे सर्वांत कठीण आहे त्याकडे, अळ्यांकडे, यायला हवे. कोळ्याच्या दृष्टान्ताने कर्त्याचा प्रश्न सुटतो, पण क्रूरतेचा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण जर सारे त्याच्यातूनच आले असेल तर त्या मडक्यातली ती लुळी अळीही त्याच्यातूनच आली आणि नांगीही. ग्रे ह्यांनी ह्यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचे म्हणणे असे की पिढीगणिक होणारे बदल ईश्वराने हितकारक दिशांनी वळवलेले असावेत. डार्विनने १८६८ साली त्यावर दरडीच्या दगडांचा दाखला दिला. कड्यावरून निखळून पडलेले दगड निवडून एखादा गवंडी सुरेख घर बांधतो. कोणता दगड कोणत्या आकाराचा फुटला ह्याला नैसर्गिक कारणे असतात, पण गवंड्याला घर बांधता यावे म्हणून ते दगड तसे फुटले असे आपण म्हणू का? मला ग्रे ह्यांच्याविषयी अतिशय आदर आहे, पण इथे डार्विन बरोबर आहे. हितकारक बदल देवाने वळवले म्हणायचे, तर लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला कारण होणारे बदलही त्यानेच वळवले म्हणावे लागेल. अर्धाच कुंभार ठेवता येत नाही.

आपल्या परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही, ह्याचा मला अभिमान आहे. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य', म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोन आरोप नाव घेऊन ठेवलेले आहेत. त्यांवर भाष्य करताना शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस भातावर आणि यवावर सारखाच पडतो, पिकांतला फरक बीजांतल्या वेगवेगळ्या सामर्थ्यामुळे पडतो; तसा ईश्वर सर्वांना समान कारण आहे आणि जीवांतले वैषम्य त्यांच्या कर्मामुळे आहे. ह्यातल्या पावसाच्या अर्ध्या भागापाशी मी वारंवार जाते. सर्वांवर सारखा पडणारा, कुणाचे शेत पाहून न पडणारा पाऊस आणि डार्विनने ग्रे ह्यांना लिहिलेले 'योजलेले नियम, मोकळे तपशील' ह्यांच्यात मला नाते दिसते. पण दुसरा अर्धा भाग मला स्वीकारता येत नाही. मनुष्य पृथ्वीवर येण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून अळ्या अशाच आतून खाल्ल्या जात आहेत. त्या साऱ्या दुःखाला पूर्वकर्माचे फळ म्हणणे म्हणजे जिला बोलता येत नाही तिच्यावरच गुन्हा लादणे आहे. इतक्या मोठ्या आचार्यांशी मतभेद व्यक्त करताना मला संकोच वाटतो, पण जे पटत नाही ते पटल्यासारखे लिहिणे अधिक वाईट.

मग मी स्वतः काय मानते? मला असे वाटते की ज्या जगात स्वतःहून काही नवे होऊ शकते त्या जगात चुकण्याचीही मोकळीक असावीच लागते. जनुकाची नक्कल दर वेळी अचूक झाली असती तर कर्करोग झाला नसता, आणि डोळाही झाला नसता. एकाच दरवाजातून दोन्ही आत येतात. जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की, जे आयुष्यभर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहिले, त्यांनी १९७३ साली उत्क्रांतीला ईश्वराची किंवा निसर्गाची निर्मितीची रीत म्हटले. ते मला मान्य आहे. पण ही रीत इतकी महाग का, हे विचारण्याचा हक्क मी सोडत नाही, आणि श्रद्धेने तो सोडायला सांगू नये. आपल्या जनाबाईने विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्या आहेत, तुकोबांनी त्याच्याशी हुज्जत घातली आहे, आणि दोघांनाही कुणी अश्रद्ध म्हटले नाही. मी त्या परंपरेतली आहे असे मी त्या मुलीला सांगितले. देव मानते का, ह्याचे उत्तर होय, आणि त्याच्यावर रागावते का, ह्याचेही होय.

तिला मी आणखी एक सांगितले, आणि ते विज्ञानाच्या बाजूने सांगितले. उत्क्रांती सिद्ध झाली म्हणून देव नाही हे सिद्ध झाले, असे म्हणणारे माझे काही सहकारी आहेत, आणि त्यांचा मी आदर करते, पण त्यांचे अनुमान पुराव्याच्या पलीकडे जाते. बदल योगायोगाने होतात ह्याचा शास्त्रीय अर्थ इतकाच की ते त्या जिवाच्या गरजेकडे पाहून होत नाहीत. त्यांच्यामागे एकंदरीने काही अर्थ आहे की नाही, हे जीवशास्त्राच्या कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. तो निर्णय ज्याने त्याने इतर गोष्टींच्या आधारे घ्यायचा असतो: आयुष्यात काय पाहिले, कुणावर प्रेम केले, कुणाला गमावले, पहाटे एकट्याने बसल्यावर काय जाणवते. त्या निर्णयाला जीवशास्त्राचे नाव देऊ नये, आणि जीवशास्त्राला त्या निर्णयाच्या ताब्यात देऊ नये.

माझ्या मामाच्या उसाच्या शेतात खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतात. पोस्टकार्डासारख्या त्या तुकड्यावर एका पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात, आणि प्रत्येकात एका अतिसूक्ष्म माशीचे पिलू त्या अंड्यालाच खाऊन वाढत असते. मामा ती कार्डे उसाच्या पानांच्या खालच्या बाजूला टाचतात. माशा बाहेर पडतात, किडीची अंडी शोधतात आणि त्यांत आपली अंडी घालतात. तीच रीत, जिच्यामुळे डार्विनची झोप उडाली, ती इथे विषारी फवारणी वाचवते आणि मामांच्या घरी पैसा आणते. ह्याने अळीचे दुःख कमी होत नाही हे मला कळते. पण दर वेळी ती कार्डे पाहिली की जे मला क्रूर दिसते तेवढेच तिथे आहे, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

अण्णांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. एकनाथी भागवत त्याच खिडकीशी आहे, आणि आठवड्यातून एकदा मी त्यातले पान उघडते. मधमाश्या शिकारी गांधीलमाश्यांच्या वंशातून आल्या, हे मी त्यांना फार उशिरा सांगितले होते. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी, फुले येणाऱ्या वनस्पती पसरू लागल्या त्या काळात, कुंभारणीसारख्याच कुणा शिकारी माशीच्या वंशजांनी पिलांसाठी किडे नेण्याऐवजी पराग न्यायला सुरुवात केली. पिलांसाठी घर बांधायचे, अन्न भरायचे, दार लिंपायचे, हे सारे तसेच राहिले. फक्त मडक्यातले अन्न बदलले. हे ऐकले तेव्हा अण्णा पंचामृत कालवत होते. त्यांनी मधाची वाटी उचलली, खिडकीतल्या मडक्याकडे पाहिले, पुन्हा वाटीकडे पाहिले, आणि मध नेहमीपेक्षा सावकाश ओतला.

ह्या वर्षीच्या मडक्याला परवा सकाळी बाजूने एक गोल भोक पडलेले दिसले. आत कोशाचे कोरडे साल आणि अळ्यांच्या डोक्यांची रिकामी टरफले होती. मी ती मोजली. सात नव्हती, पाच होती.